अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचे बिलिंग : ९५१६५ या कोडची युनिटे नेमकी कशावरून मोजायची?

रातपाळी_खराडी

नमस्कार मंडळी. खराडीतल्या एका बिलिंग कंपनीत मी कोडर आहे, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी उपचारांना ठरलेले कोड लावते. इतकी वर्षे माझ्याकडे अस्थिरोगाचे काम होते, परंतु गेल्या महिन्यात आमच्या टीमकडे अमेरिकेतल्या एका अ‍ॅलर्जी क्लिनिकचे खाते आले आणि तेव्हापासून ९५१६५ या, अ‍ॅलर्जीच्या कुप्या तयार करण्याच्या कोडने डोके उठवले आहे.

क्लिनिकने मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारची, मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना) एका रुग्णासाठी प्रत्येकी १० मिलीच्या दोन कुप्या तयार केल्या आणि चार्ज शीटवर ९५१६५ ची ४० युनिटे लिहून पाठवली. त्याच तारखेला, त्याच कुप्यांपासून पातळ करून बनवलेल्या आणखी काही कुप्यांची युनिटे निराळ्या ओळीवर लावली आहेत. हा क्लेम सीओ-१५१ या कारणाने परत आला, म्हणजे एवढ्या संख्येला आधार दिसत नाही असे मेडिकेअरचे म्हणणे आहे. गंमत अशी की, याच पद्धतीने लावलेला दुसऱ्या रुग्णाचा क्लेम एका खासगी विमा कंपनीने काहीही न विचारता मंजूर केला.

आमचे टीम लीड म्हणतात की योजनेत जितकी इंजेक्शने लिहिलेली आहेत तितकी युनिटे लावावीत. शेजारच्या टीममधील एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की मिली मोजावेत. दोघेही ठाम आहेत. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया खुलासा करावा.

तपासनीस

या खात्यांचे ऑडिट मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅलर्जीच्या इम्युनोथेरपीत दोन वेगळी कामे असतात आणि त्यांचे कोडही वेगळे असतात, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. पहिले काम म्हणजे रुग्णाच्या चाचणीत ज्या घटकांची अ‍ॅलर्जी दिसली त्यांचे अर्क मिसळून त्याच्या नावाची कुपी तयार करणे. हे ९५१६५ मध्ये येते. दुसरे काम म्हणजे तो रुग्ण क्लिनिकमध्ये आल्यावर त्याला त्या कुपीतून इंजेक्शन देणे. एकच इंजेक्शन दिले तर ९५११५, आणि दोन किंवा अधिक दिली तर ९५११७. हा दुसरा कोड इंजेक्शने कितीही असली तरी दिवसाला एकदाच लागतो आणि त्याच दिवशी ९५११५ सोबत लावता येत नाही. कुपी वर्षातून मोजक्या वेळा बनते, इंजेक्शने मात्र आठवड्या-पंधरवड्याला चालू राहतात. आपल्या टीम लीडनी या दोन हिशोबांची सरमिसळ केली आहे.

आता युनिटांकडे वळू. ९५१६५ चे एक युनिट म्हणजे एक डोस. मेडिकेअरने या डोसची व्याख्या स्वतःपुरती ठरवून टाकली आहे : बहुडोस कुपीतील १ मिली म्हणजे एक डोस. १० मिलीच्या कुपीचे जास्तीत जास्त १० डोस होतात. डॉक्टर प्रत्यक्षात दर वेळी अर्धा मिलीच काढत असतील आणि त्या कुपीतून २० इंजेक्शने निघत असतील, तरीही मेडिकेअरला १० च लावायचे. त्यांच्या क्लेम प्रोसेसिंग मॅन्युअलच्या बाराव्या प्रकरणातील कलम २०० मध्ये नेमके हेच उदाहरण दिले आहे, ते आपल्या टीम लीडना दाखवावे. आपल्या रुग्णाच्या दोन कुप्या आहेत, म्हणून २० युनिटे योग्य होतात. ४० हा आकडा अर्ध्या मिलीच्या हिशोबाने आला, हे उघड आहे.

पातळ केलेल्या कुप्यांचे उत्तरही तिथेच आहे. मूळ कुपीतून १ मिली काढून त्यात ९ मिली द्रावक घालून नवी कुपी केली, तर तिच्यासाठी मेडिकेअरकडे वेगळी रक्कम मागता येत नाही. ती दुसरी ओळ काढूनच टाकावी लागेल.

सुईवाली_एरंडवणे

मी बिलिंगमधली नाही. एरंडवण्यातल्या एका अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये परिचारिका आहे आणि कुप्या तयार होताना रोज पाहते. कागदावर आकडे पाहणाऱ्यांना कुपी म्हणजे काय हे माहीत असेल तर हा गोंधळ कमी होईल असे वाटते, म्हणून लिहिते.

सर्वांत तीव्र कुपीला मेंटेनन्स कुपी म्हणतात. अमेरिकेत तिचे झाकण लाल असते. तिच्यातून एक भाग घेऊन दहापट पातळ केली की पिवळी, पिवळीपासून निळी, निळीपासून हिरवी आणि त्याहून पातळ हवी असल्यास चंदेरी, अशी ही उतरंड असते. रुग्णाची सुरुवात सर्वांत पातळ कुपीतून, अगदी ०.०५ मिलीपासून होते आणि दर आठवड्याला एक-दोन इंजेक्शने देत, मात्रा वाढवत वाढवत काही महिन्यांनी तो लाल कुपीपर्यंत पोहोचतो. पुढे दोन ते चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शन, आणि हे सारे साधारण तीन ते पाच वर्षे चालते. आता लक्षात घ्या की हिरव्या कुपीत जो अर्क आहे तो लाल कुपीतूनच आलेला आहे. नवे औषध त्यात पडलेलेच नाही. त्यामुळे मेडिकेअर त्याचे दुसऱ्यांदा पैसे देत नाही यात मला तरी काही अन्याय दिसत नाही, जरी ती कुपी भरायला आमचे हात तितकेच राबतात.

दुसरे असे की एकाच रुग्णाला दोन कुप्या का, असा संशय ऑडिट करणाऱ्यांना येतो. त्यामागे बहुधा वैद्यकीय कारण असते. बुरशीच्या आणि झुरळाच्या अर्कात प्रथिने तोडणारी विकरे भरपूर असतात, ती परागकणांच्या अर्काची ताकद घालवतात, म्हणून हे अर्क एका कुपीत घालत नाहीत. ज्याला गवताचीही अ‍ॅलर्जी आहे आणि बुरशीचीही, त्याला दोन कुप्या आणि दोन्ही दंडांवर दोन इंजेक्शने.

रातपाळी_खराडी

तपासनीस सर, सुईवाली ताई, दोघांचे मनापासून आभार. झाकणांच्या रंगांचा अर्थ आमच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलाच नव्हता. चार्ज शीटवर नुसते रंगांचे इंग्रजी आद्याक्षर असते आणि आम्ही ते रुग्णाच्या फाइलचे काही वर्गीकरण असावे असे समजत होतो.

सर, मग खासगी कंपनीने ४० युनिटांचे पैसे दिले ते चुकून दिले का? ते परत करावे लागतील का?

आकडेबहाद्दर

इथे मला तपासनीस यांच्या म्हणण्याला थोडी पुरवणी जोडावीशी वाटते, कारण आपल्या पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत मेडिकेअरचा नियम हाच एकमेव नियम आहे असे शिकवले जाते आणि त्यापायी क्लिनिकांचे नुकसान होते.

एक मिलीची व्याख्या मेडिकेअरची आहे. सीपीटी या अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडांच्या संहितेची नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या संहितेप्रमाणे डोस म्हणजे बहुडोस कुपीतून एका इंजेक्शनात दिली जाणारी मात्रा. म्हणजेच उपचाराच्या योजनेत प्रत्येक कुपीतून अर्धा मिली द्यायचे असे डॉक्टरांनी लिहून ठेवले असेल, तर १० मिलीच्या कुपीचे २० डोस होतात आणि दोन कुप्यांचे ४०. ज्या खासगी कंपन्या संहितेची व्याख्या मानतात त्यांच्यासाठी ४० हा आकडा बरोबर आहे. त्यांना २० पाठवले तर आपण क्लिनिकचे हक्काचे पैसे सोडून दिले असे होईल, आणि ऑडिटमध्ये कमी कोडिंग हीसुद्धा चूकच धरली जाते.

मात्र सगळ्याच खासगी कंपन्या सारख्या नाहीत. काहींनी मेडिकेअरची व्याख्या जशीच्या तशी उचलली आहे, काहींनी वर्षाला किंवा एका दिवसाला युनिटांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि पातळ कुप्यांबाबत तर प्रत्येकीचे धोरण निराळे आहे. त्यामुळे प्रत्येक कंपनीचे लेखी धोरण उतरवून घेऊन एक तक्ता करावा आणि तो दर वर्षी जानेवारीत पुन्हा तपासावा, याला पर्याय नाही. क्लेम मंजूर झाला याचा अर्थ तो बरोबर होता असा होत नाही, एवढे मात्र रातपाळी यांनी ध्यानात ठेवावे.

तपासनीस

आकडेबहाद्दर यांचा मुद्दा मला मान्य आहे. माझे उत्तर मेडिकेअरच्या क्लेमपुरते होते, ते तसे स्पष्ट लिहायला हवे होते.

फक्त एक अट जोडतो. खासगी कंपनीला ४० लावायचे असतील तर मात्रेची ती योजना कुपी तयार होण्याआधी, डॉक्टरांच्या सहीने नोंदीत असली पाहिजे. मी पाहिलेल्या अनेक फाइलींत मिक्सिंग लॉग व्यवस्थित असतो, कुपीत कोणते अर्क किती घातले, त्यांचे लॉट क्रमांक, मुदत, तारीख, सारे असते. पण प्रत्येक वेळी किती मिली द्यायचे हेच कुठे नसते. तशा वेळी युनिटांचा आकडा कोणी तरी अंदाजाने टाकलेला असतो, आणि तपासणी आली की तो अंदाज टिकत नाही.

याच अनुषंगाने दोन चुका टाळा. ९५१२० ते ९५१३४ या गटात अर्क आणि इंजेक्शन यांचे मिळून एकत्रित बिल होते. मेडिकेअर ते स्वीकारत नाही, तिथे दोन्ही भाग वेगळेच लावावे लागतात. आणि ९५१४४ हा कोड एकाच डोसच्या कुपीसाठी आहे, तोही एका डॉक्टरने कुपी बनवून दुसऱ्याकडे इंजेक्शनासाठी पाठवली असेल तेव्हा. नवे कोडर ‘कुपी’ एवढाच शब्द पाहून तो लावतात. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषाच्या उपचाराला तर ९५१४५ ते ९५१४९ ही स्वतंत्र मालिका आहे, तिथे विषांच्या प्रकारांची संख्या पाहून कोड निवडावा लागतो.

पेठकर

मी या धाग्यावर चुकून आलो, पण विषय ओळखीचा निघाला. मला धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांची आणि गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदले गेले ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. तेव्हा या बाबतीत आपल्या शहराचा मान पहिला आहे. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली आहे आणि खर्च बराच आहे. इथे एवढे जाणकार आहेत म्हणून विचारतो, आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये यासाठी असे काही कोड असतात का? पैसे मिळतात का?

सुईवाली_एरंडवणे

पेठकर काका, आमच्याकडे रुग्णाला कुपीचे पैसे आणि प्रत्येक इंजेक्शनाचे पैसे अशी साधी पावती मिळते, कोड वगैरे काही नाही. नेहमीच्या मेडिक्लेमला किमान चोवीस तास दाखल असणे किंवा डे-केअर उपचार असणे आवश्यक असते आणि ही इंजेक्शने बाह्यरुग्ण विभागात, अर्ध्या तासात होतात, त्यामुळे बहुतेकांना पैसे मिळत नाहीत. पॉलिसीत ओपीडीचा लाभ वेगळा घेतलेला असेल तर त्यातून मागता येतात. तेव्हा पॉलिसीचे कागद काढून ओपीडीचे कलम पाहा, आणि डॉक्टरांकडून निदान, चाचणीचा अहवाल व उपचाराची योजना लिहून घ्या. पावतीवर नुसते ‘इंजेक्शन’ असे लिहिलेले असू नये.

आकडेबहाद्दर

ताईंच्या उत्तराला एक जोड. आपल्याकडे रुग्णालयात दाखल होऊन क्लेम करतो तेव्हा रुग्णालयाने भरायच्या प्रमाणित अर्जात निदानासाठी आयसीडी-१० या आजारांच्या कोडांच्या संहितेचे रकाने असतात. सीपीटी संहिता ही अमेरिकेची, आपल्या मेडिक्लेमशी तिचा संबंध नाही. पेठकर यांनी पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी, अशी विनंती. रातपाळी यांचे प्रश्न अजून संपलेले दिसत नाहीत.

रातपाळी_खराडी

नाहीच संपलेले. आणखी तीन आहेत.

पहिला. हे क्लिनिक प्रत्येक इंजेक्शनाच्या दिवशी ९९२११ हा परिचारिकेच्या भेटीचा कोडही लावते, कारण परिचारिका रुग्णाला मागच्या वेळी सूज आली का, दमा वाढला का, असे प्रश्न विचारून नोंद करते. ते सीओ-९७ ने, म्हणजे ही सेवा दुसऱ्या सेवेच्या पैशांतच धरलेली आहे या कारणाने, परत येत आहेत. मॉडिफायर २५ (त्याच दिवशी वेगळी भेटही झाली असे सांगणारी कोडची जोड) लावून पुन्हा पाठवावेत असे सुचवले गेले आहे. दुसरा. निदानाच्या जागी सर्व क्लेमवर आयसीडी-१० मधला एकटाच झेड ५१.६ हा कोड आहे. तिसरा. काही रुग्णांना इंजेक्शनाऐवजी जिभेखाली घ्यायचे थेंब दिले आहेत आणि त्यांनाही ९५१६५ लावला आहे.

तपासनीस

पहिल्याचे उत्तर : पाठवू नयेत. इंजेक्शनाआधीचे प्रश्न, मात्रा तपासणे, नंतर तीस मिनिटे रुग्णाला बसवून ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवणे, दंडावरची सूज मोजणे, हे सारे ९५११५ किंवा ९५११७ च्या आतच धरलेले आहे. त्या दिवशी भेटीचा कोड तेव्हाच लागतो जेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनाव्यतिरिक्त, स्वतंत्रपणे दाखवता येईल असे महत्त्वाचे काम केलेले असते. उदाहरणार्थ, रुग्णाचा दमा बिघडला म्हणून तपासून औषधे बदलली. मॉडिफायर २५ त्या कामाची साक्ष देतो, परत आलेला क्लेम पास करून घेण्याचे ते साधन नाही. नोंदीत ते काम नसताना २५ लावणे म्हणजे खोटी साक्ष, आणि अशी साक्ष दर आठवड्याला, प्रत्येक रुग्णावर, एकाच साच्यात दिसली की तपासणी अधिकाऱ्याला दुसरे काही शोधावे लागत नाही.

दुसऱ्याचे उत्तर : झेड ५१.६ म्हणजे रुग्ण अ‍ॅलर्जीच्या डिसेन्सिटायझेशनसाठी आला एवढेच कळते. आजार कोणता, हे त्यात नाही. परागकणांची अ‍ॅलर्जिक सर्दी असेल तर जे ३०.१, जनावरांच्या केसांची आणि कोंड्याची असेल तर जे ३०.८१, माइटसारख्या इतर कारणांची असेल तर जे ३०.८९, दमा असेल तर जे ४५ मधला योग्य उपकोड, असे लिहावे लागते. जे ३०.९ हा कारण न सांगणारा कोड टाळावा. ज्या रुग्णाची त्वचाचाचणी झाली आहे त्याचे कारण ठाऊक आहे, तर मग ते का लपवायचे? कुपीतले अर्क, चाचणीत आलेले घटक आणि क्लेमवरचे निदान, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. कुपीत मांजराचा अर्क आहे आणि निदान फक्त परागकणांचे, असे दिसले की वैद्यकीय गरजेचा प्रश्न उभा राहतो.

आकडेबहाद्दर

तिसऱ्याचे मी लिहितो. थेंबांना ९५१६५ लावू नये. त्यासाठी वेगळा कोडच नाही, म्हणून सूचीत नसलेल्या अ‍ॅलर्जी सेवेचा ९५१९९ वापरतात. जिभेखाली देण्यासाठी तयार केलेल्या अँटिजेनचे पैसे मेडिकेअर देत नाही, हे मेडिकेअरच्याच राष्ट्रीय निर्णय ११०.९ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून असे थेंब ९५१६५ खाली गेले असतील तर जी सेवा मुळात देय नाही ती देय सेवेच्या नावाने गेली, आणि हे ४० विरुद्ध २० च्या वादापेक्षा कितीतरी गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ पासून मान्यता दिलेल्या गवत, रॅगवीड हे तण आणि नंतर माइटच्या गोळ्या आहेत, त्यांचे बिल औषधविक्रीच्या मार्गाने होते. क्लिनिकच्या क्लेमवर त्या येतच नाहीत.

रातपाळी_खराडी

हे वाचून मी थोडी घाबरले आहे. मेडिकेअरने आधीच्या काळात मंजूर केलेले असे क्लेम असणारच, कारण हे खाते आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कंपनीकडे होते. आम्ही गप्प बसावे का? टीम लीड म्हणतात, जुने आपल्या गळ्यात कशाला घ्यायचे.

तपासनीस

गप्प बसू नये. मेडिकेअरकडून जास्तीचे पैसे आल्याचे लक्षात आले की ते ६० दिवसांच्या आत कळवून परत करण्याचे बंधन २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने घातले आहे आणि मागे सहा वर्षांपर्यंत पाहावे लागते. १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमानुसार प्रामाणिकपणे चौकशी चालू असेल तर ही मुदत जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत थांबवता येते. पैसे परत करण्याची जबाबदारी क्लिनिकची आहे, आपली नाही. परंतु आपल्याला दिसले आणि आपण कळवले नाही, तर उद्या क्लिनिकचा वकील पहिला प्रश्न आपल्याच कंपनीला विचारील. म्हणून टीम लीडच्या तोंडी सांगण्यावर न राहता, कंपनीच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाला ईमेलने कळवावे आणि पुढचे त्यांना ठरवू द्यावे. क्लिनिकला थेट लिहू नये. आणि ईमेलमध्ये रुग्णाचे नाव किंवा जन्मतारीख न घालता फक्त क्लेम क्रमांक द्यावा.

रातपाळी_खराडी

कंप्लायन्सला कळवले आहे. त्यांनी क्लिनिकसाठी एका प्रश्नाचा मसुदा मागितला, तो असा केला आहे : “सोबतच्या क्लेममधील ९५१६५ च्या युनिटांसाठी कृपया मिक्सिंग लॉग, प्रत्येक कुपीचे मिलीमधील आकारमान, ती मूळ कुपी आहे की पातळ केलेली याचा उल्लेख आणि डॉक्टरांची मात्रेची सही केलेली योजना पाठवावी. अर्क इंजेक्शनासाठी आहे की जिभेखाली देण्यासाठी, हेही कळवावे.” यात काही राहिले का?

सुईवाली_एरंडवणे

कुपी कोणत्या तारखेला भरली ते विचारा. चार्ज शीटवर बऱ्याचदा पहिल्या इंजेक्शनाची तारीख असते, आणि कुपी त्याआधीच तयार होऊन फ्रीजमध्ये ठेवलेली असते.

तपासनीस

हो, तारीख घाला. आणि दोन कुप्या वेगळ्या का ठेवल्या, याचे एका ओळीत कारणही मागा. बुरशी किंवा झुरळाचा अर्क असेल तर तेवढे लिहिले तरी पुरे. बाकी मसुदा ठीक आहे, पाठवून द्या.